साहसभांडवल : साहस कोणाचे?

१९५७ साली केनेथ ओल्सेन आणि हार्लन अँडरसन हे दोन तरुण अभियंते बोस्टनच्या ‘अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट’ या वित्तसंस्थेपुढे उद्योगाचा प्रस्ताव घेऊन उभे राहिले. संगणकाच्या धंद्यात मोठमोठ्या कंपन्यांचे हात पोळत होते. म्हणून प्रस्तावात ‘संगणक’ हा शब्दच नको, असा सल्ला त्यांना मिळाला आणि त्यांनी तो मानला. संस्थेने ७० हजार डॉलर देऊन ७० टक्के हिस्सा घेतला. ‘डिजिटल इक्विपमेंट’ ही ती कंपनी. दीड दशकाच्या आत त्या हिश्श्याची किंमत ३५ कोटी डॉलरांच्या पुढे गेली.

साहसभांडवलाचे सारे अर्थशास्त्र या व्यवहारात आढळते. बँक तारण मागते व व्याज घेते. कर्जदाराची भरभराट झाली तरी तिच्या पदरात अधिक काही पडत नाही. साहसभांडवलाला तारण नसते. त्याला मालकीत वाटा हवा असतो. हाती घेतलेल्यांपैकी बरेच उद्योग बुडणार, हे गृहीतच असते आणि त्यांची भरपाई एखाद-दुसऱ्या यशस्वी उद्योगाने करावयाची असते. साहजिकच, बेताचा पण भरवशाचा नफा देणारा प्रस्ताव येथे निरुपयोगी ठरतो. बाजारपेठ अफाट आहे, वाढ झपाट्याने होईल, असेच उद्योजकाला सांगावे लागते. अतिशयोक्ती हा केवळ त्याचा स्वभावदोष नव्हे. व्यवहाराची रचनाच ती मागते.

शिवाय उभयतांची जोखीम सारखी नसते. गुंतवणूकदाराचा पैसा अनेक ठिकाणी विभागलेला असतो, तर उद्योजकाच्या उमेदीची वर्षे एकाच डावावर लागतात. त्यातही कंपनी विकली गेल्यास आपली रक्कम प्रथम वसूल करण्याचा हक्क गुंतवणूकदार बहुधा करारातच राखून ठेवतो.

भारतात २०१६ साली ‘स्टार्टअप इंडिया’ योजनेखाली सरकारने सिडबीमार्फत दहा हजार कोटी रुपयांचा निधी योजिला. तो थेट नवउद्योगांना न मिळता गुंतवणूक निधींच्या हाती जातो. म्हणजे करदात्याच्या पैशालाही कसोटी लागते ती याच पारख्यांची. ही पारख किती चुकू शकते, हे ‘बायजूज’ने दाखविले. २०२२ साली २२ अब्ज डॉलर मूल्य ठरलेली ही कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. हजारो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या त्यापूर्वीच गेल्या होत्या.

यास्तव दोन गोष्टी आवश्यक आहेत. महाविद्यालयांतून प्रस्ताव मांडण्याच्या स्पर्धा होतात. तेथे करार वाचण्याचेही शिक्षण मिळाले पाहिजे. आणि सावकाश वाढणाऱ्या, पाच-पन्नास माणसांना काम देणाऱ्या उद्योगाला स्वस्त कर्ज बँकेच्या दारातच मिळाले पाहिजे. ते न मिळाल्यास असा उद्योजकही साहसभांडवलाच्या दारी जाईल आणि स्वतःलाही न पटणारी स्वप्ने तेथे विकू लागेल.