ही कसोटी कोणाची?

२ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री नवी मुंबईत, नेरूळच्या क्रीडांगणावर, भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. आणि थोड्याच वेळात विजयी खेळाडूंनी तो चषक आपल्या निवृत्त ज्येष्ठ भगिनींच्या हाती दिला. त्यांत होत्या झुलन गोस्वामी. ज्या संघासाठी त्यांनी वीस वर्षे आपला खांदा झिजविला, त्या संघाचा चषक हाती येताच त्यांना अश्रू आवरले नाहीत. धाकट्यांनी थोरल्यांच्या श्रमांची अशी जाण ठेवावी, हे आमच्या संस्कृतीला शोभणारेच झाले. परंतु खेळाडूंनी आपले ऋण फेडले म्हणून खेळ चालविणाऱ्यांचेही ऋण फिटले, असे कोणी समजू नये. भावनेचा पूर ओसरल्यावर तरी एक हिशेब मांडलाच पाहिजे, आणि तो आज आम्ही मांडीत आहोत.

झुलन गोस्वामी या पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यातील चाकदह गावच्या. १९९७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, तेव्हा सीमेबाहेर गेलेले चेंडू उचलून देणाऱ्या मुलींत पंधरा वर्षांची ही मुलगी होती. त्या दिवशी मनाशी धरलेला निश्चय तिने पहाटेच्या लोकलगाडीने कोलकात्याला येऊन सराव करण्याच्या खडतर नित्यक्रमात उतरविला. जानेवारी २००२ मध्ये ती भारतातर्फे पहिला सामना खेळली. शेवटचा खेळली २४ सप्टेंबर २०२२ रोजी लॉर्ड्सवर. या काळात तिने एकदिवसीय सामन्यांत २५५ बळी घेतले. महिला क्रिकेटमधील हा जागतिक विक्रम आहे. २०१७ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिने दहा षटकांत अवघ्या २३ धावा देऊन तीन गडी बाद केले, आणि तरीही भारत ९ धावांनी हरला. २००७ साली आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा वर्षातील सर्वोत्कृष्ट महिला खेळाडूचा मान, २०१० साली अर्जुन पुरस्कार, २०१२ साली पद्मश्री, आणि जेथे तिने चेंडू उचलून दिले त्याच ईडन गार्डन्सच्या एका प्रेक्षागाराला २०२५ मध्ये तिचे नाव! सन्मानात काही उणे राहिले नाही. उणे राहिले ते निराळेच.

२००६ च्या उन्हाळ्यात भारतीय मुली इंग्लंडच्या दौऱ्यावर होत्या. लेस्टरच्या कसोटीत झुलन गोस्वामी यांनी रात्रीच्या पहारेकऱ्याची भूमिका घेऊन फलंदाजी केली आणि ६९ धावा काढल्या. पुढच्या टाँटनच्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ३३ धावांत पाच आणि दुसऱ्या डावात ४५ धावांत पाच, असे ७८ धावांत दहा बळी घेतले. भारतीय महिलांनी इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकली. गोलंदाज तेवीस वर्षांची, अंगात वेग, मनात उमेद, आणि जगापुढे सिद्ध झालेले कर्तृत्व! अशा गोलंदाजाला पुढची कसोटी केव्हा मिळाली? २०१४ च्या ऑगस्टात. आठ वर्षांनी! वेगवान गोलंदाजाच्या आयुष्यातील ऐन उमेदीची आठ वर्षे ती अशी गेली. त्या वर्षी दोन कसोट्या झाल्या आणि नंतर २०२१ पर्यंत पुन्हा शांतता. वीस वर्षांच्या कारकिर्दीत कसोट्या किती? बारा. त्यांत बळी किती? ४४.

या बारांची फोड अधिक बोलकी आहे. २००२ ते २००६ या पाच वर्षांत आठ कसोट्या झाल्या. पुढच्या सोळा वर्षांत चार. त्या पहिल्या आठ झाल्या तेव्हा महिला क्रिकेटचा कारभार एका निर्धन संघटनेकडे होता. तिच्या खेळाडूंनी आगगाडीच्या साध्या डब्यांतून प्रवास केला आणि सामाईक खोल्यांतून सतरंजीवर रात्री काढल्या. पुढे २००६ च्या सुमारास हा कारभार देशाच्या क्रिकेट नियामक मंडळाकडे आला. मंडळ श्रीमंत, त्याने सोयी दिल्या, पुढे वेतन दिले, २०२२ मध्ये पुरुषांइतके सामना-मानधनही जाहीर केले. त्याचे श्रेय आम्ही मुक्तकंठाने देतो. परंतु गरीब आईने जे ताट वाढले होते ते श्रीमंत घरी आल्यावर पुढून काढून घेतले गेले, हेही नमूद केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. आजही भारतीय महिलांत सर्वाधिक कसोटी बळी मुंबईच्या डायना एडुलजी यांच्या नावावर आहेत, २० कसोट्यांत ६३; आणि त्यांच्या पाठोपाठ पुण्याच्या शुभांगी कुलकर्णी, १९ कसोट्यांत ६०. दोघींचीही शेवटची कसोटी १९९१ सालची. हा विक्रम इतकी वर्षे अबाधित राहिला, याचा एडुलजींना अभिमान वाटो. मंडळाला लाजच वाटावयास हवी.

कोणी म्हणेल, एकदिवसीय सामने मिळाले ना, मग कसोटीचा एवढा आग्रह कशासाठी? दहा षटकांत गोलंदाजाला जे सांगता येते ते तिचे एक वाक्य होय. पूर्ण कथन नव्हे. चेंडू जुना झाला, खेळपट्टी निर्जीव झाली, ऊन डोक्यावर आले आणि समोरची फलंदाज ठाण मांडून बसली, अशा वेळी तिसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या हप्त्यात गोलंदाज कोणती युक्ती काढते, यावर तिची थोरवी ठरते. विद्यार्थ्याला आठ वर्षे परीक्षेला बसूच द्यावयाचे नाही आणि निरोपसमारंभात मात्र त्याच्या बुद्धीचे गोडवे गावयाचे, असा प्रकार एखाद्या शाळेने केला तर आपण त्या शाळेला काय म्हणू?

दुसरा आक्षेप असा की, प्रतिस्पर्धी तरी कोठे तयार होते? इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांच्या महिला त्याच आठ वर्षांत ॲशेसच्या निमित्ताने परस्परांशी कसोट्या खेळतच होत्या. ज्याला खेळावयाचे असते त्याला सोबती मिळतो. आणि प्रेक्षक येत नाहीत ही सबब तर नेरूळच्या त्या तुडुंब भरलेल्या रात्रीनेच निकालात काढली आहे.

२०२३ च्या डिसेंबरात नेरूळला इंग्लंडविरुद्ध आणि वानखेडेवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोट्या झाल्या. दोन्ही भारताने जिंकल्या. २०२४ मध्ये पुण्यास महिलांचे अनेक दिवसांचे आंतरविभागीय सामने पुन्हा भरले. ही सुचिन्हे आहेत. पण प्रसंगोपात्त दिलेले दान आणि नेमाने दिलेला हक्क यांत अंतर असते. आमची मागणी स्पष्ट आहे. भारतीय महिलांना दरवर्षी निदान तीन कसोट्या मिळाल्याच पाहिजेत, आणि अनेक दिवसांची देशांतर्गत स्पर्धा कोणत्याही वर्षी खंडित होता कामा नये. मुंबई आणि महाराष्ट्राच्या क्रिकेट संघटनांनी शाळा-महाविद्यालयांतील मुलींसाठी लाल चेंडूचे दोन दिवसांचे सामने सुरू करून यात पुढाकार घ्यावा. एडुलजी आणि कुलकर्णी यांच्या भूमीला तो शोभून दिसेल.

कसोटी हा मूळचा सराफाच्या पेढीवरचा शब्द. ज्या काळ्या दगडावर सोन्याचा कस पाहतात ती कसोटी. चाकदहचे सोने वीस वर्षे पेढीवर चकाकत होते. सराफानेच दगड पुढे केला नाही. तेव्हा त्या बारा सामन्यांत कस लागला तो झुलन गोस्वामी यांचा नव्हे. तो सराफाचा लागला. आणि त्या परीक्षेत तो उतरलेला नाही. आज पहाटेच्या गाडीने सरावाला निघालेल्या मुलीच्या वेळी तरी त्याने दगड हाताशी ठेवावा, एवढेच आमचे सांगणे आहे.