बॉनेट कुणी उघडायचं?

"साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो."

मैत्रिणींनो, गॅरेजमध्ये हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. गाडी चालवायची आपण, ती बंद पडणार आपल्या हातात, आणि तिचं दुखणं मात्र घरी बसलेल्या साहेबांना समजावायचं!

तालुक्याच्या गावांत अजून कितीतरी दारांत मारुती 800 उभी दिसते. 1983 च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली आणि 2014 च्या जानेवारीत तिचं उत्पादन थांबलं. घरात नवी गाडी आली की ती यजमान घेतात, जुनी 'तुला गावातल्या गावात बरी' म्हणून आपल्याकडे येते. म्हणजे जास्त कुरकुरणारी गाडी आपल्या वाट्याला. ड्रायव्हिंग स्कूलवाले तर क्लच-ब्रेक शिकवतात, पण बॉनेटचा खटका कुठे असतो तेसुद्धा दाखवत नाहीत.

माझंच सांगते. ऐन एप्रिलात रेल्वे फाटकाशी थांबले होते, तर तापमानाचा काटा वर चढू लागला. गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निदान केलं, "हेड गॅसकेट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." आकडा ऐकून माझंच डोकं तापलं! घरी आल्यावर आठवलं, हायवेला काटा निम्म्यावरच असतो, फक्त थांबल्यावर चढतो. दुसऱ्या फिटरला एवढंच सांगितलं. त्याने इंजिन चालू ठेवलं आणि रेडिएटरच्या पंख्याकडे बघत बसला. इंजिन तापलं, पण पंखा काही फिरेना. पंखा सुरू करणारा छोटा स्विच खराब झाला होता, बस्स.

गाडी पळताना रेडिएटरला समोरून वारा लागतो, थांबली की पंख्यावरच भिस्त. म्हणून थांबल्यावरच गाडी तापत असेल तर आधी पंखा, त्याचा फ्यूज आणि स्विच बघायला सांगा. पळतानाही तापत असेल तर मात्र कूलंट कमी झालंय का, कुठे गळतंय का, थर्मोस्टॅट अडकलाय का, हे बघावं लागतं. गॅसकेटची शंका त्यानंतर. काटा चढला की गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका. आतलं उकळतं पाणी दाबाने अंगावर उडतं, अगदी कुकरसारखं.

सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक टक' होऊन दिवे मंदावले तर संशय बॅटरीवर. आधी तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलीये का ते बघा. पुष्कळदा तेवढी साफ करून तार घट्ट केली की काम भागतं. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तेव्हा बॅटरी बिचारी निर्दोष! पेट्रोल पोचत नसेल, नाहीतर ठिणगी पडत नसेल. अशा वेळी कुणी नवी बॅटरी गळ्यात मारू लागला तर खुशाल नाही म्हणा.

काटकसर कुठे करू नये, तर ब्रेक आणि टायर. आपली गाडी भाजी मंडई आणि शाळेपुरती फिरते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत दिसते. पण रबर वयाने कडक होतं, त्याला चिरा पडतात. पावसाळ्याआधी एकदा चारी टायर वाकून बघा, स्टेपनीसुद्धा. शेजारीण हसली तर हसू दे.

आणि काम सुरू करण्याआधी खर्च विचारा, बदललेला जुना पार्ट मागून घ्या. यात भांडण नाही, उद्धटपणा तर नाहीच. भाजीवाल्याकडे आपण मेथीची जुडी उलटून बघतोच की! माझा तो पंख्याचा स्विच अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, शेजारी छोटी वही. काय बदललं, किती किलोमीटरला, किती रुपयांना, सगळं तिच्यात लिहिलेलं. परवा यजमान विचारत होते, "माझ्या गाडीचं ऑइल कधी बदललं गं आपण?"