तीन महिन्यांनंतरचा गुडघा

एसीएलची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण तिसऱ्या महिन्यात क्लिनिकमध्ये येतो तेव्हा खूश असतो. दुखणे थांबलेले असते, सूज उतरलेली असते, जिना चढता येतो, स्कूटर सुरू झालेली असते. आणि इथेच त्याचे येणे बंद होते. आपणही त्याला फारसे अडवत नाही. वाकणे पूर्ण, चाल सरळ, मग आता घरी व्यायाम करा, काही वाटले तर फोन करा, असे सांगून कार्ड बंद करतो. आपल्याकडे एसीएलचे रिहॅब बिघडते ते बहुतेक वेळा या वळणावर, असे आमचे मत आहे आणि म्हणून हे संपादकीय तिसऱ्या महिन्यानंतरच्या काळाबद्दल आहे.

ग्राफ्टचे जीवशास्त्र आपण सगळे शिकलो आहोत, पण रुग्णाला निरोप देताना ते आठवत नाही. हॅमस्ट्रिंगचा असो वा पटेलर टेंडनचा, बसवलेला ग्राफ्ट सुरुवातीला रक्तपुरवठ्याविना असतो. त्यातल्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नवे कोलॅजन रचले जाते. या उलथापालथीत दुसऱ्या-तिसऱ्या महिन्याच्या सुमारास तो सर्वांत कमजोर असतो आणि पूर्ण पक्का व्हायला वर्षाहून जास्त काळ घेतो. म्हणजे रुग्णाला ‘आता सगळे ठीक’ वाटू लागते, त्याच वेळी आतला ग्राफ्ट सर्वांत नाजूक असतो. त्यात बऱ्याच आरोग्य विमा पॉलिसींत रुग्णालयातून घरी आल्यानंतरचा खर्च ६० किंवा ९० दिवसांपर्यंतच मिळतो. खरे काम सुरू व्हायच्या वेळी विम्याचा हात सुटतो, आणि रुग्ण खिशाकडे पाहून निर्णय घेतो.

घाईची किंमत काय, हे डेलावेअर-ऑस्लो अभ्यासाने २०१६ मध्ये आकड्यांत मांडले. हेगे ग्रिन्डेम आणि सहकाऱ्यांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. खेळात परतणे नवव्या महिन्यापर्यंत जितके लांबवले, तितके प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण ५१ टक्क्यांनी घटले. चाचण्यांचे निकष न गाठता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्के पुन्हा जखमी झाले. निकष गाठून परतलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होते. अभ्यास लहान आहे, हे मान्य. पण या दोन आकड्यांतली दरी पाहिल्यावर नुसते कॅलेंडर बघून ‘खेळा’ म्हणणे आपल्याला शोभत नाही.

क्रिकेटपटू ऋषभ पंतचा कार अपघात ३० डिसेंबर २०२२ चा. मुंबईत गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो आयपीएलच्या मैदानावर उतरला मार्च २०२४ मध्ये. त्याच्या मागे क्रिकेट मंडळ होते, बंगळुरूची अकादमी होती, रोज पाहणारे लोक होते. जिल्हा संघातल्या कबड्डीपटूच्या मागे कोण असते? समोर मात्र गावच्या जत्रेचे सामने असतात, निवड चाचणी असते, खेळाडू कोट्यातल्या नोकरीची आशा असते. ‘सहा महिने झाले, आता उतर’ असे संघातलेच सांगतात. त्या मुलाला अडवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे त्याचा फिजिओथेरपिस्ट.

अडवायचे तर हातात पुरावा हवा, म्हणजे मोजमाप हवे. त्याची सुरुवात पहिल्याच आठवड्यात होते. घरचे रोज विचारतात, ‘किती वाकला?’ आणि नकळत आपणही वाकण्याच्या अंशांमागे लागतो. खाली मांडी घालून बसणाऱ्या आपल्या घरांत ते साहजिक आहे. पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर क्वाड्रिसेप्स नीट आकुंचन पावत नाही, चाल लंगडी राहते आणि पुढे पटेलाचे दुखणे मागे लागते. रुग्णाला पालथे झोपवा, मांड्या टेबलावर, पाय कडेबाहेर. दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. या तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि गोनिओमीटरच्या नजरेतून सुटलेली तूट इथे पकडली जाते. तूट काही आठवडे हटत नसेल, तर सायक्लॉप्स लीजनची शंका घेऊन सर्जनला फोन करा. ताणत बसू नका.

दुसरे क्वाड्रिसेप्सचे. सांध्यात पाणी असेपर्यंत मज्जासंस्थाच या स्नायूला रोखून धरते. म्हणून आधी सूज, मग ताकद. पुढे मात्र लेग एक्स्टेन्शनची जुनी भीती सोडायला हवी. चौथ्या आठवड्यापासून ९० ते ४५ अंशांच्या टप्प्यात ते करता येते, हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट असेल तर पहिले १२ आठवडे जास्तीचे वजन न लावता. नुसत्या मिनी स्क्वॉटवर महिनोन्‌महिने काढलेल्या रुग्णाची मांडी बघा. नितंब आणि चांगला पाय काम उरकून घेतात आणि क्वाड्रिसेप्स सुकलेलाच राहतो.

हॉप टेस्टही याच कारणाने फसवते. दोन्ही पायांनी मारलेले अंतर सारखे भरते आणि आपण ९० टक्के लिहून मोकळे होतो. अंतर लिहिण्याआधी जमिनीवर उतरतानाचा गुडघा बघा, मोबाइलवर समोरून आणि बाजूने चित्रण करा. गुडघा आत झुकतो का, पाय ताठ ठेवून धड पुढे टाकले जाते का? चढाईपटू बोनस रेषेजवळून पाय टाकून मागे वळतो, त्याच क्षणी घोट्याची पकड बसते, आणि सगळा पीळ त्या एका गुडघ्यावर येतो. सरळ रेषेतल्या उडीने त्या क्षणाची परीक्षा होत नाही. शिवाय तुलनेचा ‘चांगला’ पायही इतक्या महिन्यांत दुबळा झालेला असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच त्याची ताकद मोजून ठेवा. हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट असेल तर पालथे झोपवून, गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवूनही ताकद तपासा. खो-खोच्या पाटीवर बसून उठणाऱ्या मुलीला नेमकी तीच लागते.

आयसोकायनेटिक यंत्र तालुक्याच्या गावी नाही, ही सबब आम्हाला पटत नाही. जिममधले लेग एक्स्टेन्शनचे यंत्र आहे, हाताने धरायचा डायनॅमोमीटर आता आवाक्यात आला आहे, खुर्चीवरून एका पायावर किती वेळा उठता येते हे मोजायला तर खुर्चीच पुरते. उणीव आहे ती नोंदींची. मनाचीही नोंद हवी: परत खेळायची भीती किती वाटते हे विचारणारी एसीएल-आरएसआय प्रश्नावली रुग्णाला पाच मिनिटांत भरता येते. खेळात न परतणाऱ्यांपैकी अनेकांना पाय नव्हे, ही भीती रोखते.

पैशाचा प्रश्न खरा आहे. तिसऱ्या महिन्यानंतर आठवड्याला तीनदा बोलावण्याची गरज नाही. पंधरा दिवसांतून एकदा बोलवा, वजन वाढवून द्या, महिन्यातून एकदा चाचणी घ्या आणि त्या चाचणीचा कागद रुग्णाच्या, प्रशिक्षकाच्या आणि सर्जनच्या हातात द्या. कागदावर आकडा असला की ‘अजून नाही’ हे सांगणे सोपे जाते.

वाचकांना विनंती आहे. आपल्याकडच्या एसीएल रुग्णांच्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या महिन्यातल्या मोजमापांच्या नोंदी, नाव-गाव वगळून आणि रुग्णाची संमती घेऊन, आमच्याकडे पाठवा. निकष न गाठलेल्यांच्या नोंदीही पाठवा. त्या जास्त उपयोगाच्या आहेत. पुरेशा नोंदी जमल्या की त्या एकत्र करून याच पानांवर छापू.