पाहून झाले!

दिवाळीत पाहुण्यांविषयी वाकडे लिहू नये, असे आईने मला शिकवले आहे. म्हणून आधीच सांगते : ज्या पाहुण्याविषयी मी लिहिणार आहे तो माझा सख्खा भाचा आहे, गुणी आहे, आणि त्याने आणलेली चॉकलेटे मी आवडीने खाल्ली आहेत. माझे भांडण त्याच्याशी नाही. त्याला जडलेल्या एका सवयीशी आहे, आणि ती सवय आता आपल्यातल्या पुष्कळ घरांत शिरली आहे.

भाचा हॉलंडमध्ये आइंडहोवनला इंजिनिअर आहे. बरोबर बायको आणि साडेतीन वर्षांची चिमी. शुक्रवारी कचेरी सुटली की विमान, शनिवारी रोम, रविवारी रात्री घर. मग कधी प्राग, कधी बार्सिलोना. चिमीची आतापर्यंत चौदा शहरे ‘झाली’ आहेत. हा शब्द त्याचाच. देवीची, गोवराची लस टोचून झाली म्हणावे, तशी ही शहरे झाली.

मी चिमीला विचारले, “रोमला काय पाहिलंस गं?”

“कबुतर. त्याला एकच पाय होता.”

भाचा हसला. “बघ मावशी! समोर कलोझियम, आणि ही कबुतराच्या मागे!”

यात हसण्यासारखे काय, ते मला कळेना. ती इमारत सुमारे दोन हजार वर्षांची आहे. पण ज्या जिवाला अजून ‘काल’ आणि ‘उद्या’ यांतला फरक धड उमगलेला नाही, त्याने दोन हजार वर्षांचे काय करावे? एका पायावर उड्या मारणारे कबुतर मात्र समोर होते, जिवंत होते, आणि त्याच्याविषयी वाईट वाटण्याजोगे काही होते. माझ्या मते त्या दिवशी तिघांपैकी काही पाहिले असेल, तर ते एकट्या चिमीने.

दुसऱ्या दिवशी मंडळी आश्रमात निघाली. मीही गेले. हाताशी तास दीड तास. मग पवनार, मग मगन संग्रहालय, आणि रात्रीच्या आत नागपूर. अंगणातल्या पिंपळाखाली चिमी थबकली. मुंग्यांची रांग एका मेलेल्या किड्याला ओढत चालली होती. चिमी उकिडवी बसली. तिची आई म्हणाली, “चल राणी.” बाप म्हणाला, “चल, उशीर होतोय.” ती हलेना. शेवटी त्याने दंडाला धरून उचलले; तिने आभाळ फाडले; तेव्हा तिच्या हाती मोबाईल देण्यात आला. मग सारे शांत. अशा रीतीने, आईच्या कडेवर बसून, पडद्यावरून नजर न काढता, चिमीची बापूकुटी झाली.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दिवसा मी बालवाडी चालवते, रात्री कादंबऱ्या लिहिते. मोठ्या पंडितांशी वाद घालण्याची माझी ऐपत नाही. पण तीन-चार वर्षांच्या मुलांत माझी वीस वर्षे गेली आहेत, त्या बळावर सांगते : मूल हट्ट करते असे आपण ज्याला म्हणतो, ते पुष्कळदा मुलाचे काम चाललेले असते आणि आपण ते मोडलेले असते.

आणि गंमत पाहा. ज्या रोमची या मंडळींनी दोन दिवसांत वासलात लावली, त्याच रोममध्ये, सान लोरेंझो नावाच्या गरीब वस्तीत, 6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरीबाईंनी आपले पहिले बालगृह उघडले. तिथे तीनेक वर्षांची एक पोर लाकडी दट्ट्या भोकांत बसवीत होती. बसवी, काढी, पुन्हा बसवी. बाईंनी इतर मुलांना गाणी म्हणायला लावली. त्या पोरीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तिचे लक्ष ढळेना. चाळीसहून अधिक वेळा तिने ते केले आणि मग आपणहून थांबली, जणू विश्रांती घेऊन उठल्यासारखी ताजी! बालशिक्षणाची एवढी मोठी चळवळ उभी राहिली ती एका पोरीला मध्येच ‘चल’ न म्हटल्यामुळे. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम मांडले आणि शाळाच मुलांच्या अंगणात नेली. या बायकांना मुलाचा वेग कळला होता. आमच्या शिकलेल्या आईबापांना मात्र विमानाचा वेगच तेवढा कळतो.

कोणी म्हणेल, “बाई, मग काय मूल होताच घरात कोंडून घ्यायचे? नोकरीतून दोन दिवस मिळतात. त्यांनी जग पाहू नये?” जरूर पाहावे! लहान मूल घेऊन हिंडायला धाडस लागते, त्याचे मला कौतुकच आहे. पण दोन दिवस थोडे आहेत म्हणूनच त्यांत चार ठिकाणे कोंबू नयेत. आणि सहल मुलासाठी आहे, असे तरी म्हणू नये. ती आपल्यासाठी असते, आणि बहुधा आपल्यापैकी एकासाठी. कारण परगावीही दूध कोमट करणे, कपडे बदलणे आणि रडे थांबवणे हे आईकडेच असते. रोममध्ये तू काय पाहिलेस, असे मी भाचसुनेला विचारले नाही. तिच्या चेहऱ्यावर उत्तर होते.

आता दगड दुसऱ्यांवरच मारणे बरे नव्हे. मीसुद्धा एकदा बालवाडीची मुले वर्ध्याच्या त्याच मगन संग्रहालयात दोन-दोनच्या रांगेत फिरवली होती. चरखे, माग, सारे दाखवले. परतल्यावर विचारले, काय आवडले? पोरे एकमुखाने म्हणाली, “नळ!” मी रागावले होते. आज त्याची लाज वाटते.

भाच्याच्या हाताशी अजून एक दिवस होता. मी मावशीपणाचा हक्क बजावला, पवनार रद्द करवले, आणि सकाळी चिमीला एकटीला घेऊन पुन्हा आश्रमात गेले. मुंग्यांशी पाऊण तास गेला. मग तिचे तीच बापूकुटीकडे निघाली. ही झोपडी आधी मीराबेनची. गांधीजी 30 एप्रिल 1936 रोजी या गावी आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते; सेवाग्राम झाले ते 1940 साली. माती, बांबू आणि वर कवेलू. भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली झाडे आहेत. बापू जमिनीवर बसत, तेव्हा त्यांची बैठकही जमिनीलगतच. उभ्या माणसाचे हे घर दोन मिनिटांत पाहून होते. पण साडेतीन वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांना ते अगदी नीट लागते. चिमी बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “आजी, इथे खुर्ची का नाही?”

घरी आल्यावर तोच प्रश्न तिने बापाला विचारला. चौदा शहरे केलेला माझा भाचा गप्प बसला, मग चहाचा कप ठेवून तिच्याजवळ खाली जमिनीवर येऊन बसला आणि म्हणाला, “खरंच गं, का नसेल?” दोघांचे बोलणे बराच वेळ चालले होते. नागपूरची गाडी त्या दिवशी चुकली, आणि कोणी कुरकुर केली नाही.

वाचकहो, फराळ आटोपला की तुम्हीही कुठे तरी निघणार. खुशाल निघा. फक्त एक करा : यादीतली तीन नावे खोडा, एक ठेवा, आणि तिथे पोहोचल्यावर मूल जिथे उकिडवे बसेल, तिथे आपणही बसा.