पाचव्यांदा वाचलं म्हणून उजळणी होत नाही

आखातातल्या मराठी घरांत स्पर्धा परीक्षेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "त्याचं लक्ष्मीकांत तिसऱ्यांदा चाललंय." सांगणारे कौतुकानं सांगतात, ऐकणारे कौतुकानं ऐकतात. पाचव्यांदा झालं की कौतुक आणखी वाढतं. मला हे कौतुक घातक वाटतं. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचण्याला आपण उजळणी म्हणतो आणि त्या नावाखाली मुलांची उमेदीची वर्षं खर्ची पडतात.

हा विषय इथे काढायचं कारण आहे. अमेरिकेतली मराठी मुलं बहुधा तिथलीच नागरिक होतात. अमिरातीत मात्र पंचवीस वर्षं काढली तरी आपल्यापैकी बहुतेकांचा पासपोर्ट भारताचाच राहतो. आयएएस आणि आयपीएसला लागणारं भारतीय नागरिकत्व आपल्या मुलांकडे जन्मापासून असतं. म्हणून शारजात बारावी झालेली मुलगी किंवा दुबईत नोकरी करणारा सत्तावीस वर्षांचा इंजिनिअर यूपीएससीचं स्वप्न बघतो, तेव्हा ते हवेतलं स्वप्न नसतं. पण त्याची किंमत मोठी आहे. खुल्या गटाला सहा प्रयत्न आणि बत्तीस वर्षांची वयोमर्यादा. पूर्वपरीक्षेच्या एका पेपरला बसलं तरी प्रयत्न मोजला जातो. परीक्षेचं केंद्र अमिरातीत नाही, त्यामुळे प्रत्येक प्रयत्नाला रजा आणि विमानाचं तिकीट आलंच. एक वर्ष चुकीच्या पद्धतीनं अभ्यास केला, तर ते वर्ष परत मिळत नाही.

आता आकडे बघा. २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले आणि शेवटी १,००९ जणांची शिफारस झाली. आपण त्या हजारांतल्या वीस-पंचवीस जणांच्या मुलाखती यूट्यूबवर बघतो, त्यांनी कोणतं पुस्तक किती वेळा वाचलं हे वहीत उतरवून घेतो आणि त्याला 'स्ट्रॅटेजी' म्हणतो. उरलेल्या पावणेसहा लाखांहून जास्त उमेदवारांपैकी कितीजणांनी तेच पुस्तक तितक्याच वेळा वाचलं होतं, हे कोणी विचारत नाही. त्यांची मुलाखत कोण घेणार? पाच वेळा वाचून यश आलं आणि पाच वेळा वाचूनही अपयश आलं, असं दोन्ही घडत असेल, तर 'पाच वेळा' या आकड्यात काही गुपित नाही.

मग गुपित कशात आहे? ते गुपितही नाही, शंभर-सव्वाशे वर्षं जगाला ठाऊक असलेली गोष्ट आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली दाखवलं, की पाठ केलेलं आपण सुरुवातीच्या काही तासांतच सर्वांत वेगानं विसरतो आणि नंतर तो वेग मंदावतो. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. इतरांनी कागद बाजूला ठेवून जेवढं आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटलं आणि आठवून लिहिणारे पुढे गेले. यातली खरी मेख अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील असा विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

हा खोटा विश्वास हाच या साऱ्या रोगाचा जंतू आहे. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं. पिवळ्या हायलायटरची ओळ कुठे आहे हेही आठवतं. त्या ओळखीला आपण ज्ञान समजतो. सोसायटीच्या लिफ्टमध्ये रोज भेटणारा माणूस ओळखीचा असतो, पण त्याचं नाव विचारलं तर सांगता येत नाही, तसलाच हा प्रकार.

परीक्षेत मात्र नावच विचारतात. उदाहरण घ्या. राज्यघटनेच्या ३२ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालय पाच प्रकारचे रिट काढू शकतं, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पुस्तक मिटून पाचही नावं सांगा. मग सांगा, यातला कोणता खासगी व्यक्तीविरुद्धही काढता येतो? हेबियस कॉर्पस काढता येतो, मँडेमस काढता येत नाही. धडा तीनदा वाचलेले कितीतरी जण इथे अडखळतात, कारण वाचताना हा प्रश्न त्यांनी स्वतःला कधी विचारलेलाच नसतो. पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात शंभर प्रश्न, प्रत्येकी दोन गुण आणि चुकीच्या उत्तराला एकतृतीयांश कपात. म्हणजे 'ओळखीचं वाटतंय' म्हणून मारलेल्या तीन चुकीच्या खुणा एका बरोबर उत्तराचे गुण खातात. त्यातही अलीकडे 'वरीलपैकी किती विधानं बरोबर आहेत' असं विचारतात. तिथे एका विधानाच्या खात्रीवर पर्याय गाळत जाण्याची सोय राहत नाही. प्रत्येक विधान पक्कं माहीत असावं लागतं.

मुख्य परीक्षेत तर पर्यायही समोर नसतात. सामान्य अध्ययनाच्या पहिल्या तीन पेपरांत तीन तासांत वीस प्रश्न असतात: दहा प्रश्न दीडशे शब्दांचे, दहा अडीचशे शब्दांचे. एका प्रश्नाला नऊ मिनिटं. एकूण चार हजार शब्द आणि तेही हातानं. ऑफिसात दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आपल्या इंजिनिअरनं सलग तीन तास पेन शेवटचं कधी धरलं होतं? त्याची उजळणी कोऱ्या कागदावर व्हायला हवी. तो मात्र पीडीएफ सरकवत बसलेला असतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: "ही तर घोकंपट्टी झाली. आम्हाला समजून घ्यायचंय." जरूर समजून घ्या, पहिलं वाचन सावकाश करा, शंका फेडून घ्या. पण जुन्या शाळेला नावं ठेवताना एक गोष्ट विसरू नका. तिथे पावकी, निमकी, दिडकी म्हणून दाखवावी लागत असे. पुस्तक मास्तरांच्या हातात आणि पोरगं मोकळ्या हातानं उभं. त्या पद्धतीत समजावण्याचा भाग कच्चा होता, पण तपासण्याचा भाग पक्का होता. आपण कच्च्याबरोबर पक्काही टाकून दिला आणि हायलायटर उचलला.

दुसरा आक्षेप इथला खास: "आखातात राहून अभ्यास होत नाही. नोकरी सोडून पुण्याला सदाशिव पेठेत नाहीतर दिल्लीला जायला हवं." हा सल्ला देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर अभ्यासिकेतली खुर्ची आणि दहा-बारा तास वाचन असतं. वाचनालाच अभ्यास समजलं, की शारजा ते दुबई ट्रॅफिकमध्ये अडकलेला तास वायाच गेला असं वाटणार. आठवायला मात्र पुस्तक लागत नाही. कारलिफ्टच्या मागच्या सीटवर किंवा मेट्रोत उभ्या उभ्या काल वाचलेल्या प्रकरणाचे दहा मुद्दे मनात मांडता येतात. सातच आठवले, तर रात्री फक्त उरलेले तीन बघायचे. काल वाचलेलं आज आठवायचं, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. मध्ये थोडं विसरायला झालं पाहिजे, कारण ताण देऊन आठवलेलंच टिकतं. नोकरी करणाऱ्याचा तुकड्यातुकड्यांचा दिवस या कामाला गैरसोयीचा नाही. पहिल्या वाचनासाठी सलग वेळ लागतो हे खरं, त्यासाठी शनिवार-रविवार आहेत.

रविवारचं तर इथे आता जमून आलंय. २०२२ पासून अमिरातीत शनिवार-रविवार सुटी झाली. पूर्वपरीक्षाही रविवारीच होते. भारतात साडेनऊला सुरू होणारा पेपर म्हणजे आपले सकाळचे आठ. आयोगाच्या मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावर फुकट आहेत. रविवारी आठ वाजता त्यातली एक घ्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दोन तासांनी उठा. महागडी टेस्ट सिरीज विकत घेण्याआधी एवढं केलंत तरी कुठे भोक आहे ते कळेल.

आणखी एक भोक आपल्या घरांत खास आढळतं. मुख्य परीक्षेत भारतीय भाषेचा तीनशे गुणांचा पेपर असतो. त्याचे गुण क्रमवारीत धरत नाहीत, पण त्यात पंचवीस टक्के मिळाले नाहीत तर बाकीचे पेपर विचारातच घेतले जात नाहीत. त्यात निबंध, सारांश आणि इंग्रजीतून भाषांतरही असतं. घरी मराठी बोलणारं पण शाळेत कधी मराठी न लिहिलेलं मूल "मराठी तर आपलीच आहे" म्हणून ती निवडतं आणि पहिला परिच्छेद लिहिताना त्याला घाम फुटतो. ऐकून-बोलून ओळखीची असलेली भाषा कागदावर येतेच असं नाही. मराठी घ्या नाहीतर हिंदी, पण आठवड्याला एक पान हातानं लिहा.

आई-बाबांनो, तुमचाही यात वाटा आहे. तुम्ही रोज विचारता, "झालं का वाचून?" या प्रश्नाचं उत्तर 'हो' एवढंच असतं आणि त्यानं दोघांचंही समाधान होतं. त्याऐवजी पुस्तक तुमच्या हातात घ्या आणि म्हणा, "काय वाचलंस, सांग बघू." विषय तुम्हाला कळायची गरज नाही. समोरचा अडखळतो कुठे, एवढं कळलं तरी पुरे. सुरुवातीला चिडचिड होईल. तिसऱ्या वाचनाचा अभिमान गळून पडताना कोणालाही त्रास होतोच. पण तो घरी जेवणाच्या टेबलावर गळलेला बरा. परीक्षेच्या हॉलमध्ये गळला, तर त्याची किंमत एक अख्खा प्रयत्न असते आणि असे प्रयत्न सहाच आहेत.