येरवड्याला जाऊन आलेल्या वहिनी



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीत विषय निघाला, महावीर जयंतीला यंदा काहीतरी वेगळं करू या. कुणीतरी सुचवलं की येरवड्याच्या महिला कारागृहात जाऊन साड्या आणि बुंदीचे लाडू वाटू. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात का, हे कुणी विचारलं नाही, पण फोटो कोण काढणार ते ठरलं. मी गप्प बसले. घरी आल्यावर त्या गप्प बसण्याचंच वाईट वाटत राहिलं, म्हणून लिहिते आहे.

माझं माहेर दौंड आणि सासर शिरूर. दौंडला आमच्या नात्यातल्या एक वहिनी आहेत, नाव सांगत नाही. त्या काही महिने येरवड्याला आत होत्या. गुन्हा काय? सही. भाऊजींच्या व्यवसायात त्या कागदोपत्री भागीदार होत्या. "इथे कर, इथे कर" असं म्हणत पुढे आलेल्या कागदांवर वीस वर्षं सह्या करत राहिल्या. लोकांचे पैसे अडकले, तक्रारी झाल्या आणि दोघांनाही नेलं. मी बी.कॉम. झालेली बाई, तरी माझ्याही नावावर आमच्या घरची एक फर्म होती आणि तिचा ताळेबंद मी कित्येक वर्षं उघडून बघितला नव्हता. तुमच्यापैकी किती जणी आत्ता, या क्षणी, कशाकशाच्या मालकीण आहात ते सांगू शकाल?

वहिनी आत होत्या तेव्हा मी एकदाही भेटायला गेले नाही. शिरूरहून पुण्याला जाणारी एस.टी. नगर रस्त्याने येरवड्याजवळूनच जाते, दौंडच्या लोकांसारखं गाडी पकडून पुणे स्टेशन गाठायचीही मला गरज नव्हती. तरी नाही गेले. लोक काय म्हणतील, एवढंच कारण.

सुटून आल्यावर पर्युषणात त्या स्थानकात आल्या, तेव्हा प्रतिक्रमणाला त्यांच्या दोन्ही बाजूंची आसनं रिकामी राहिली. संवत्सरीला आपण सगळ्यांना "मिच्छामि दुक्कडम्" म्हणतो. त्यांना मी ते फोनवरून म्हटलं.

पुढे एकदा त्या माझ्याकडे आल्या तेव्हा आम्ही बोललो. म्हणाल्या, "ताई, आत माझा चौविहार एक दिवस चुकला नाही. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आतच देतात, मग बराकीला कुलूप. भाजीतला कांदा-बटाटा बाजूला सारायचा, एवढंच." जास्त त्रास कशाचा झाला, असं विचारलं तर म्हणाल्या, रिकाम्या वेळेचा, आणि आपल्या खटल्याचं काय चाललंय ते कुणी न सांगण्याचा. त्यांच्या बराकीत एक मजूर बाई होती. जामीन मंजूर झाला होता, पण जामीनदार नव्हता, म्हणून ती आतच.

आपल्या देशात तुरुंगातल्या शंभर माणसांत बायका चारच्या आसपास. एकूण बंदिवानांपैकी चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. बायका थोड्या, म्हणून त्यांच्यासाठीच्या सोयीही शेवटी सुचतात. सुचतात तेव्हा शिवण, भरतकाम, रांगोळी, मेंदी. शिवणाला मी नावं ठेवत नाही, माझ्या सासूबाईंनी शिवणावर घर चालवलं. पण प्रत्येक बाईच्या हातात सुईच का द्यायची? वहिनींना आत कुणी ट्रायल बॅलन्स वाचायला शिकवला असता तर त्यांना निदान कळलं असतं, आपण का आत आलो ते. हिशेब, संगणकावरची खतावणी, जीएसटीची कामं हे शिकवायला यंत्रसामग्री लागत नाही, आपल्यासारख्या निवृत्त, रिकाम्या कॉमर्सवाल्या बायका लागतात.

एक गोष्ट वाचून मात्र बरं वाटलं होतं. १ मे २०२२ ला येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक शिक्षा झालेल्या कैद्यांना त्यांच्या आतल्या कमाईच्या भरवशावर ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज देते, व्याज ७ टक्के. घरची फी, वकील, आजारपण यासाठी. कैद्याची पत मोजणारा माणूस मला फार आवडला, कोण असेल तो. पण कच्च्या कैद्याला कामाची सक्ती नाही, तशी बांधलेली कमाईही नाही. मग त्या मजूर बाईच्या जामिनाचे पैसे कोण उभे करणार? केंद्र सरकारने गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी २०२३ मध्ये योजना आणली आहे. पण तिचा कागद हलवायला बाहेर कुणीतरी लागतं.

मुलांचंही तसंच. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ आत राहू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली सांगितलं की त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी, वेगळा आहार हवा आणि जन्मदाखल्यावर तुरुंगाचं नाव नको. सहा वर्षं झाली की मूल बाहेर. मग आजीकडे, नाहीतर संस्थेत. आपल्याकडच्या कारागृहांत 'गळाभेट' हा कार्यक्रम होतो, त्या दिवशी जाळीशिवाय लेकरांना आईबापाला मिठी मारता येते. त्या दिवसासाठी दौंडच्या एखाद्या आजीच्या हातात दोन नातवंडांचं भाडं ठेवणं, हे लाडूंपेक्षा स्वस्त पडतं. आई-वडील तुरुंगात असलेल्या मुलांना बाल संगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात. फॉर्म भरायला मदत हवी.

आणि हे स्वतःसाठीही लिहून ठेवा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकील मागता येतो. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. अपवाद सोडला तर सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत बाईला अटक करता येत नाही, आणि अपवादातही महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वहिनींना यातलं काहीच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

कुणी म्हणेल, आत निष्पापच असतात का? नाही. काही जणींनी भयंकर गोष्टी केल्या आहेत, आणि त्यातल्या एखादीला मी उद्या स्वयंपाकघरात कामाला ठेवीन का, असं विचाराल तर मला लगेच हो म्हणता येणार नाही. खोटं कशाला बोलू?

पण चंदनबालेची गोष्ट आपण दरवर्षी पोरांना सांगतो. मूला शेठाणीने संशयाने तिचं मुंडण केलं, पायात बेड्या घातल्या, कोंडून ठेवलं. पाच महिने पंचवीस दिवस उपाशी असलेल्या भगवंतांनी कौशांबीतल्या भरल्या घरांसमोरून पुढे जाऊन तिच्या सुपातले उडदाचे बाकळे घेतले. पुढे ती छत्तीस हजार साध्वींची प्रमुख झाली. पाठशाळेत आपण बेड्या आपोआप तुटल्या त्या चमत्कारावर थांबतो. भगवंतांचा अभिग्रहच बेडीतल्या बाईच्या हातून घेण्याचा होता, त्याबद्दल फारसं बोलत नाही.

मी मंडळाला पत्र दिलं आहे. लाडू-साड्यांचा खर्च वाचवून दोन कामं करू: शिरूर आणि दौंडच्या विधी सेवा समित्यांकडे जाऊन जामिनावाचून कोण अडकलंय ते विचारू, आणि कारागृहाच्या परवानगीने आत हिशेबाचा वर्ग घेऊ. शिकवायला दोघी जणी तयार आहेत. तिसऱ्या वहिनी. पुन्हा त्या दरवाजातून आत जायचं म्हटल्यावर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, मग फोन करून म्हणाल्या, "ताई, पहिल्या खेपेला तुम्ही बरोबर असाल ना?"

पत्रावर अजून चर्चा झालेली नाही. पुढची बैठक चौदसनंतर आहे.