कोर्स निवडायचा कुणी आणि कशावरून?



दहावी-बारावीचे निकाल लागले की विक्रोळीच्या आमच्या केंद्रात मुली आणि त्यांच्या आया रंगीत पत्रके घेऊन येऊ लागतात. पूर्वी या पत्रकांवर शिवणकाम, ब्यूटी पार्लर, फार तर नर्सिंग असे. आता कन्नमवार नगरातून आलेले पत्रक असो की पार्कसाइटच्या टेकडीवरून आलेले, त्यावर ‘वेब डिझायनिंग’ हमखास असते. आणि प्रश्नही ठरलेला असतो, “ताई, हा कोर्स चांगला आहे का?”

प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात पुष्कळ काही आहे. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढताना घरात फारशी चर्चा होत नाही. मुलीच्या कोर्सची फी मात्र आईच्या बचत गटातून येते किंवा बांगडी गहाण टाकून. तो कोर्स फसला तर मुलाला दुसरी संधी मिळते. मुलीला मिळते ती लग्नाची तारीख. म्हणून मुलीच्या बाबतीत कोर्सची निवड हा नुसता करिअर मार्गदर्शनाचा विषय राहत नाही. तो आपल्या चळवळीचाही विषय आहे.

आपल्या आया-मावश्यांच्या पिढीत टायपिंगचा क्लास होता. १९५५ मध्ये गोदरेजने पहिला भारतीय बनावटीचा टाइपरायटर आणला. ज्या कंपनीच्या भोंग्यावर आमच्या विक्रोळीचे घड्याळ चाले, तीच ही कंपनी. त्या यंत्राने हजारो मुलींना कचेरीचा दरवाजा उघडून दिला. गल्लीतल्या क्लासमध्ये शिकले तरी परीक्षा सरकारी असे. मिनिटाला तीस शब्द की चाळीस, हे प्रमाणपत्रावर लिहिलेले असे आणि त्याचा अर्थ कोणत्याही कचेरीत सारखाच लागे. क्लासवाला बोलका असो की अबोल, मुलीचा वेग मोजता येत होता. महाराष्ट्रात टाइपरायटरवरची परीक्षा २०१७ मध्ये संपली आणि तिची जागा संगणक टायपिंगने घेतली.

वेब डिझायनिंगला अशी सर्वांना मान्य असलेली मोजपट्टी नाही. एखादी संस्था तीन महिन्यांच्या शिकवणीला ‘डिप्लोमा’ म्हणते, दुसरी वर्षभराच्या कोर्सलाही ‘सर्टिफिकेट’च म्हणते. नेमकी याच जागी फसवणूक शिरते. पत्रकावर ‘आयएसओ प्रमाणित’ असे छापलेले असते. तो शिक्का संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीबद्दल असतो. तिच्या डिप्लोमाला कुणाची मान्यता आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ‘सरकारी नोंदणीकृत’ म्हणजे पुष्कळदा लघुउद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी, आणि तशी नोंदणी पापडाच्या गटालाही मिळते. ‘शंभर टक्के नोकरीची हमी’ हे तर सर्वांत मोठ्या अक्षरांत असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. नोकरीच्या खोट्या हमीचा त्यांत स्पष्ट उल्लेख आहे. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हा क्रमांक केंद्राच्या भिंतीवर लावून ठेवावा.

मग मोजायचे कशावर? या धंद्यात नोकरी देणारा प्रमाणपत्रापेक्षा मुलीने स्वतः केलेली पाने पाहतो. म्हणून आपणही संस्थेला तेच मागावे. मागच्या वर्षीच्या मुलींनी केलेल्या चार साइट्स दाखवा. त्यांतल्या दोन मुलींशी आमची गाठ घालून द्या. पैसे भरण्याआधी एक दिवस वर्गात बसू द्या. एका संगणकावर किती मुली बसतात? सरावाला वेगळा वेळ मिळतो का? पूर्ण फी आधीच भरायची की हप्त्याने, आणि मध्येच सोडावे लागले तर किती परत मिळेल, हे लिहून देता का? जी संस्था या प्रश्नांनी चिडते, तिने आपले उत्तर देऊन टाकलेले असते.

काय शिकवतात, हेही पाहावे. वेब पानाचा सांगाडा एचटीएमएलमध्ये लिहितात, त्याचे रूप सीएसएसमध्ये आणि हालचाल जावास्क्रिप्टमध्ये. हा पाया कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली आणि १९९३ मध्ये सर्न या संस्थेने ते तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ज्या कोर्समध्ये फक्त एखाद्या सॉफ्टवेअरची बटणे शिकवतात, त्यातली विद्या ते सॉफ्टवेअर जुने झाले की जुनी होते. तयार साचे वापरून आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगून कुणीही तासाभरात पान उभे करू शकते. अशा वेळी टिकेल तीच, जिला पान आतून कळते, चूक शोधता येते आणि ते कुणासाठी करायचे याचा विचार करता येतो. देवनागरीत पान कसे मांडायचे हेही विचारा. मुंबईच्याच ‘एक टाइप’ने केलेला ‘मुक्ता’ हा फॉन्ट विनामूल्य मिळतो, तरी मराठी अक्षरांकडे बहुतेक क्लास पाहतही नाहीत.

कमी पैशांतले रस्ते आहेत, पण त्यांची पत्रके कुणी वाटत नाही. आयटीआयचा ‘कोपा’ हा संगणकाचा ट्रेड दहावीनंतर एक वर्षाचा आहे आणि त्यात वेब पान करणेही येते. जवळची शासकीय आयटीआय मुलुंडला आहे. तिथे आणि आसपासच्या संस्थांत यंदा कोणते ट्रेड आहेत ते प्रवेशाच्या वेळी पाहून घ्यावे. केंद्र सरकारच्या नायलिट संस्थेच्या ‘ओ लेव्हल’मध्ये वेब डिझायनिंगचा स्वतंत्र पेपर आहे आणि क्लास न लावताही ती परीक्षा देता येते. शेजारच्या पवईच्या आयआयटीने ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प चालवला. त्यात छोट्या छोट्या ध्वनिचित्रफितींतून एचटीएमएलसारखे विषय विनामूल्य शिकता येतात आणि पुष्कळ धडे मराठीतही आहेत. एमएस-सीआयटी झालेली मुलगी आधी दोन महिने असे शिकून पाहू शकते. हे काम आपल्याला मानवते की नाही, ते फी भरण्याआधीच कळते.

पण त्यासाठी संगणक हवा आणि वेळही हवा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे दिसले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ३३ टक्के होते. घरातला एकमेव चांगला फोन भावाच्या खिशात असेल, तर विनामूल्य धडाही मुलीपर्यंत पोचत नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मुलींच्या पत्रकांवर एक ओळ खास असते, ‘घरबसल्या कमवा’. आईवडिलांना नेमकी हीच ओळ आवडते. आपण हा शब्द विडीच्या सुपात आणि पापडाच्या लाटीत पाहिलेला आहे. घरबसल्या म्हणजे नगावर पैसे, कामाला तास नाहीत, सोबतीला कुणी नाही आणि मध्येच उठून कुकरही लावायचा. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी असा करार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये केला, पण भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. सुपाच्या जागी लॅपटॉप आला म्हणून बाईचे एकटेपण संपत नाही. घरून काम करणे ही एखादीची गरज असेल, तिची निवडही असेल, त्याला विरोध नाही. पण शिकण्याची ती एक-दोन वर्षे तरी तिने घराबाहेर काढावीत. लोकल पकडावी, मुलामुलींच्या वर्गात बसावे, भावाच्या ओळखीशिवाय कामाचे पैसे मागायला शिकावे. दोन कोर्स सारखेच असतील, तर मी मुलीला घरापासून लांबचा सुचवते.

गटांनी करण्याजोगे खूप आहे. चौकशीला मुलींना एकटे पाठवू नका, दोघी-तिघींनी मिळून जा. आपल्या भागातल्या कोर्सची फी, वेळ आणि तिथे शिकलेल्या मुलींचा अनुभव एका वहीत नोंदवा. केंद्रात एक संगणक ठेवा आणि त्याचे वेळापत्रक मुलींनाच करू द्या. गटाचे वेब पान करायचे असेल तर ते शिकणाऱ्या मुलीला द्या आणि त्याचे पैसे द्या. ‘आपलीच पोर आहे’ म्हणून तिच्याकडून फुकट करून घेऊ नका.

तुमच्या वस्तीतल्या मुली काय शिकताहेत, शिकून कुठे पोचल्या आणि कुठे अडल्या, ते आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात या अनुभवांसाठी पाने राखून ठेवत आहोत.